रविवारचं आइस्क्रीम: अमेरिकेतल्या संडेचा जन्म, त्यावरची भांडणं आणि तो काउंटर

सायीवरची साखर

नमस्कार मंडळी. खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज मुहूर्त लागला.

मी न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात राहते. इथाका आमच्यापासून गाडीने तासाभरावर. कॉर्नेल विद्यापीठाचं गाव म्हणून आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते माहीत असेल, मला मात्र ते एका छोट्याशा जाहिरातीमुळे प्रिय आहे. ५ एप्रिल १८९२ च्या 'इथाका डेली जर्नल'मध्ये ती छापून आली. मजकूर एवढाच, की 'चेरी संडे' हा दहा सेंटांचा आइस्क्रीमचा नवा प्रकार फक्त प्लॅट अँड कोल्ट यांच्या सोडा फाउंटनवर, म्हणजे सोडावॉटर विकायच्या काउंटरवर, मिळेल. संडे म्हणजे वरून सिरप, फळं वगैरे घातलेलं आइस्क्रीम. या पदार्थाचे जे छापील पुरावे आजवर हाती लागले आहेत, त्यात हा सगळ्यात जुना मानला जातो.

गोष्ट अशी सांगतात: दोन दिवस आधी, ३ एप्रिलला, रविवार होता. युनिटेरियन चर्चचे पाद्री जॉन स्कॉट सकाळची प्रार्थना आटोपून चेस्टर प्लॅट यांच्या औषधाच्या दुकानात आले. प्लॅटनी व्हॅनिला आइस्क्रीमच्या दोन वाट्या मागवल्या, पण नुसत्या पुढे न सरकवता त्यावर चेरीचं सिरप ओतलं आणि वर एकेक पाकवलेली चेरी ठेवली. दोघांनाही ते इतकं आवडलं की याला नाव काय द्यायचं यावर बोलणं सुरू झालं. स्कॉट म्हणाले, आजचा वारच देऊन टाका.

आता औषधाच्या दुकानात आइस्क्रीम कशाला, असा प्रश्न पडेल. मलाही पडला होता. पण त्या काळातली अमेरिकन औषधाची दुकानं डोळ्यांसमोर आणली की सगळं जुळत जातं. सोडावॉटर प्रकृतीला चांगलं, पोटाला हलकं, अशी पक्की समजूत होती, त्यामुळे ते विकायचा मान औषधवाल्यांकडे गेला. दुकानात एका बाजूला संगमरवरी काउंटर, त्यावर चकचकीत नळ, मागे सिरपच्या बाटल्यांची रांग आणि पुढे ओळीने उंच स्टुलं. १८७४ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका प्रदर्शनात रॉबर्ट ग्रीन यांनी सोड्यात आइस्क्रीम घालून विकलं आणि आइस्क्रीम सोड्याची चटक देशभर लागली. म्हणजे १८९० च्या सुमाराला त्या काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाच्या हाताशी आइस्क्रीम, सिरप, फळं, सुकामेवा सगळं होतं. आइस्क्रीम सोड्यातला सोडा काढून टाकला की जे उरतं, तेच संडे.

आणि सोडा काढायला एक कारणही होतं. रविवार हा देवाचा वार, त्या दिवशी अमुक विकू नये, तमुक करू नये असे कायदे अनेक गावांत होते. शिकागोशेजारचं इव्हान्स्टन हे मेथडिस्ट मंडळींचं कडक गाव, दारूबंदीसाठी झटणाऱ्या महिला संघटनेचं मुख्यालयही तिथेच. रविवारी सोडा नको, तर मग सोड्याशिवायचं आइस्क्रीम घ्या, असं आमच्याकडे सुरू झालं म्हणून संडे आमचं, हा इव्हान्स्टनचा दावा. देवाच्या वाराचं नाव खाण्याच्या पदार्थाला लावणं काहींना रुचलं नाही आणि म्हणून इंग्रजी स्पेलिंगमधलं शेवटचं 'वाय' जाऊन तिथे 'ई' आलं, असंही सांगतात. आपल्या देवनागरीत दोन्ही 'संडे' एकसारखेच दिसतात, त्यामुळे ही सगळी खळबळ आपल्यापर्यंत पोचतच नाही!

तुमच्या गावचं, तुमच्या आठवणीतलं काही असेल तर जरूर लिहा. या विषयावर कितीही ऐकायची माझी तयारी आहे.

मिशिगनकाठी

लेख फार आवडला, पण आमच्या विस्कॉन्सिनचं नाव एकदाही नाही? हे काही बरोबर नाही, ताई.

टू रिव्हर्स हे मिशिगन सरोवराच्या काठावरचं आमचं गाव. तिथे राज्याच्या इतिहास संस्थेने १९७३ मध्ये पाटी लावली आहे. तिच्यावर लिहिलंय की १८८१ मध्ये जॉर्ज हॅलाउअर नावाच्या गिऱ्हाइकाने एड बर्नर्स यांच्या सोडा फाउंटनवर आइस्क्रीम मागितलं आणि म्हणाला, त्यावर जरा ते चॉकलेटचं सिरप घाल. तोवर ते सिरप फक्त सोड्यात जायचं. किंमत पाच सेंट. गिऱ्हाइकं मागायला लागली, पण बर्नर्स ते फक्त रविवारी द्यायचे. मग एक दिवस दहा वर्षांची एक मुलगी आली आणि हट्टाला पेटली, मला ते वरून काहीतरी घातलेलंच हवं. आज रविवार नाही म्हटल्यावर ती म्हणाली, मग आज रविवार आहे असं समजू या की! तेव्हापासून ते रोज मिळू लागलं.

मी मुलांना घेऊन तिथे दोनदा गेलोय. वॉशिंग्टन हाऊस नावाच्या जुन्या इमारतीत त्या दुकानासारखंच दुकान मांडलंय आणि तिथे बसून संडे खाता येतं. माझ्या धाकट्याला त्या मुलीची गोष्ट तोंडपाठ आहे. पुढचा महिनाभर आमच्या घरी रोजच रविवार होता.

सायीवरची साखर

मिशिगनकाठी, टू रिव्हर्स राहिलं ही माझीच चूक. त्या मुलीची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते आणि तीच लिहायची राहून गेली.

पण दाव्याबद्दल बोलायचं तर मी इथाकाच्या बाजूने ठाम आहे. १८८१ मध्ये बर्नर्स यांनी विशीही गाठलेली नव्हती, तेव्हा त्यांचं स्वतःचं दुकान असणं अवघड वाटतं. शिवाय त्या वर्षातला कागद नाही. आहेत त्या नंतर सांगितलेल्या आठवणी. इथाकाकडे तारीख, किंमत आणि दुकानाचं नाव असलेली जाहिरात आहे. १८९४ मध्ये हे नाव आपल्या मालकीचं करून घेता येईल का, म्हणून प्लॅटनी खटपट केली, त्याचा पत्रव्यवहारही आहे.

मिशिगनकाठी

कागद महत्त्वाचा, मान्य. पण ताई, आइस्क्रीमवर सिरप ओतायला कागद कशाला लागतो? ते एकाच वेळी दहा गावांत झालं असेल. ज्याने वर्तमानपत्रात छापलं तो पहिला ठरला. टू रिव्हर्समध्ये कोणी जाहिरात दिली नाही म्हणून तिथे कोणी खाल्लंच नाही, असं मी मानणार नाही.

सायीवरची साखर

हे मात्र पटलं. पदार्थ दहा गावांत झाला असेल. 'संडे' हे नाव इथाकाचं, एवढ्यावर आपण समेट करू.

औषधाची वडी

मी फार्मसी शिकवते, त्यामुळे थोडी भर घालते. तेव्हाचा औषधवाला हा खऱ्या अर्थाने मिश्रणं करणारा माणूस होता. कडू औषध रुग्णाच्या घशाखाली उतरवायचं तर गोड सिरप हवं, आणि ते त्याला स्वतःच करावं लागे. फळांचा रस गाळणं, साखरेचा पाक नेमका किती घट्ट ठेवला की आंबत नाही, हे त्याच्या रोजच्या कामातलं. १८८६ मध्ये अटलांटात कोका-कोला पहिल्यांदा विकला गेला तोही औषधाच्या दुकानातल्या फाउंटनवर, पेला पाच सेंटांना. त्यामुळे चेरीचं सिरप प्लॅट यांच्या हाताशी असणं अगदी साहजिक. स्वयंपाकघरात असं तयार सिरप नसतं, काउंटरमागे असतं. म्हणूनच हा पदार्थ एखाद्या गृहिणीच्या किंवा खानसाम्याच्या नावावर नाही, औषधवाल्यांच्या नावावर आहे.

खाऊगल्ली

वडीताईंच्या म्हणण्याला पुस्ती. बनाना स्प्लिटसुद्धा औषधाच्या दुकानातलाच! पेनसिल्व्हेनियातलं लट्रोब गाव, १९०४ साल, टॅसल फार्मसी. डेव्हिड स्ट्रिकलर हा २३ वर्षांचा मुलगा तिथे काम शिकत होता. त्याने केळं उभं चिरलं, त्यात तीन गोळे ठेवले आणि त्यावर सिरप घातलं. किंमत दहा सेंट, म्हणजे साध्या संडेच्या दुप्पट. तरी कॉलेजची मुलं तुटून पडली. ओहायोतलं विल्मिंग्टन म्हणतं की १९०७ मध्ये आमच्या अर्नेस्ट हॅझार्डने केलं ते पहिलं. तिथेही कॉलेज, तिथेही विद्यार्थीच गिऱ्हाईक. तारखा पाहिल्या तर लट्रोब पुढे आहे.

यात मला भावतं ते केळं. आपल्याला केळ्याचं काय कौतुक, पण पेनसिल्व्हेनियात ते मध्य अमेरिकेतून बोटीने आणि मग रेल्वेने यायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते नुकतं कुठे सगळ्यांच्या आवाक्यात येत होतं.

आणि हॉट फजबद्दल कोणीच बोललं नाही! लॉस एंजेलिसचं सी. सी. ब्राउन्स हे दुकान १९०६ पासूनचं, हॉट फज संडे तिथलाच म्हणतात. पुढे ते हॉलिवूड बुलेवार्डवर गेलं आणि १९९६ मध्ये बंद झालं. मी घरी हॉट फज करते, त्यामुळे सांगते: साय, साखर, लोणी, चॉकलेट आणि थोडं कॉर्न सिरप. कॉर्न सिरप नसेल तर साखर परत कणीदार होते आणि सगळा खेळ बिघडतो. पाक चमच्याच्या पाठीला जाड चिकटेपर्यंत आटवायचा. गरम असताना तो सहज ओतता येतो, पण गार आइस्क्रीमला टेकला की जागच्या जागी थबकतो, कडेने चिवट होतो आणि त्याच्याखाली आइस्क्रीमचं एक पातळ तळं तयार होतं. तो चिवट भाग आणि ते तळं एकाच चमच्यात आलं पाहिजे. साधं चॉकलेट सिरप घातलं तर हे होत नाही, ते नुसतं ओघळून तळाशी जाऊन बसतं.

दहीवडा

वाचूनच जीव गार झाला. एक शंका: आपली पुण्याची मस्तानी ही संडेच म्हणायची का?

खाऊगल्ली

नाही हो. मस्तानी मुळात पिण्याची, घट्ट दुधावर आइस्क्रीमचा गोळा. ती त्या आइस्क्रीम सोड्याची नातलग म्हणता येईल. संडे सगळं चमच्याने खायचं.

बर्फाचा गोळा

थोडं अवांतर, पण मुंबईशी खरं नातं सांगणारं. हे सगळं सुरू व्हायच्या कितीतरी आधी अमेरिकेचा बर्फ आपल्याकडे येत होता. बॉस्टनचे फ्रेडरिक ट्यूडर हिवाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या तळ्यांवरचा बर्फ कापायचे, भुशात गुंडाळून गलबतांवर चढवायचे. १८३३ मध्ये असं एक गलबत कलकत्त्याला पोचलं आणि चार महिने समुद्रात काढूनही पुष्कळ बर्फ शिल्लक होता. लवकरच मुंबईतही बर्फ उतरू लागला आणि तो साठवायला बर्फघर बांधलं गेलं. जमशेटजी जीजीभॉय यांनी एका मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिलं आणि नंतर सगळ्यांना सर्दी झाली, अशी आठवण मुंबईचा इतिहास सांगणारे आवर्जून सांगतात.

अमेरिकेत आइस्क्रीम गल्लीबोळात पोचलं तेही या बर्फाच्या धंद्यामुळेच. १८४३ मध्ये नॅन्सी जॉन्सन यांनी हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या भांड्याचं पेटंट घेतलं. १८५१ मध्ये बाल्टिमोरचे दूधवाले जेकब फसेल यांच्याकडे साय उरायला लागली, तेव्हा त्यांनी आइस्क्रीमचा कारखानाच काढला. बर्फ, भांडं आणि कारखाना आधी आले, म्हणून १८९२ मध्ये प्लॅट यांच्याकडे एखाद्या रविवारी सहज दोन वाट्या आइस्क्रीम निघालं.

उंच स्टूल

त्या काउंटरमागच्या पोरांबद्दल लिहितो. त्यांना सोडा जर्क म्हणत, नळाचा दांडा झटक्यात ओढायचा म्हणून. पांढरा कोट, डोक्याला कागदी टोपी, आणि तोंडात स्वतःची वेगळी बोली. पाणी म्हणजे 'आदमची बीअर'. बनाना स्प्लिट म्हणजे 'हाऊसबोट', त्या लांबट काचेच्या भांड्यामुळे. एखादी गोष्ट संपली तर 'एटी-सिक्स'. हा शब्द आजही अमेरिकन हॉटेलांच्या स्वयंपाकघरात रोज ओरडला जातो.

या मंडळींचे सुगीचे दिवस आले १९२० च्या दारूबंदीत. बार बंद झाले, माणसांना संध्याकाळी जाऊन बसायला जागा हवी होती, ती सोडा फाउंटनने दिली. बीअरचे मोठमोठे कारखानेसुद्धा आइस्क्रीमकडे वळले. अनहॉयझर-बुश यांनी आइस्क्रीम काढलं, पेनसिल्व्हेनियाच्या युंगलिंग कुटुंबाने डेअरी घातली. पुढे मोटारी आल्या, लोक गाडीतच बसून खायला लागले, औषधाच्या दुकानांनी काउंटर काढून तिथे कपाटं लावली आणि ती स्टुलं गेली. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. अनोळखी माणसं खांद्याला खांदा लावून बसतील अशा जागा गावात उरतातच किती?

लालचुटूक

संडेवर ठेवतात त्या माराश्किनो चेरीबद्दल. मूळ माराश्किनो चेरी दाल्मेशियाच्या किनाऱ्यावरची, म्हणजे आजच्या क्रोएशियातली, आणि ती मद्यात मुरवलेली असे. अमेरिकेत ओरेगनमध्ये चेरी भरपूर, पण मुरवली की तिचा लगदा व्हायचा. ओरेगनच्या कृषी महाविद्यालयात अर्नेस्ट विगँड यांनी १९२० च्या दशकात त्यावर काही वर्षं काम केलं आणि खारवण्याच्या पाण्यात कॅल्शियमचे क्षार घातले. त्याने फळ टणक राहिलं. त्या पाण्यात चेरीचा मूळ रंग आणि चव दोन्ही जातात, म्हणून नंतर साखरेच्या पाकात आणि रंगात घालतात. संडेवरची ती लालचुटूक चेरी अशी तयार होते.

माझ्या मुलाकडे बेसबॉलच्या सामन्यांतल्या संडेच्या सतरा वाट्या आहेत. त्या वाट्या म्हणजे संघाचं छोटं प्लास्टिकचं हेल्मेटच असतं, उलटं धरलेलं. खाऊन झालं की धुऊन घरी आणायचं. आमच्या स्वयंपाकघरात लिंबं त्यातच असतात.

डरहॅमकर

उंच स्टूल, तुमचं शेवटचं वाक्य वाचून लिहिल्याशिवाय राहवत नाही. खांद्याला खांदा लावून बसणारे सगळे गोरे होते. काळ्या माणसांना दक्षिणेत त्या काउंटरवर बसता येत नव्हतं. वस्तू विकत घेता यायची, बसून खाता यायचं नाही.

मी नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅममध्ये राहते. इथे रॉयल आइस्क्रीम पार्लर होतं. वस्ती काळ्या लोकांची, पण दुकानात गोऱ्यांचा भाग वेगळा, काळ्यांचा वेगळा, दोघांची दारंही वेगळी. २३ जून १९५७ ला डग्लस मूर हे मेथडिस्ट पाद्री सहा तरुण-तरुणींना घेऊन आत गेले आणि गोऱ्यांच्या भागात बसले. त्यांनी आइस्क्रीम मागितलं. उठा म्हटल्यावर उठले नाहीत. पोलीस आले आणि सातही जणांना अटक झाली. घुसखोरीचा गुन्हा, प्रत्येकी दहा डॉलर दंड आणि वर कोर्टाचा खर्च. ते वरच्या कोर्टांत गेले, तिथेही हरले. ग्रीन्सबरोमध्ये वूलवर्थ या दुकानातल्या काउंटरवर चार काळे विद्यार्थी असेच बसले ते १ फेब्रुवारी १९६० ला, म्हणजे अडीच वर्षांनंतर. मधल्या काळात १९५८ च्या उन्हाळ्यात विचिटा आणि ओक्लाहोमा सिटीमधल्या औषधाच्या दुकानांतल्या काउंटरवरही काळी मुलं अशीच जाऊन बसली आणि तिथे त्यांना यश आलं. ग्रीन्सबरोचं नाव जगाला माहीत आहे. डरहॅमचे सात जण आमच्या शेजारीपाजारीही फारसे कोणाला ठाऊक नाहीत.

ताई, तुमच्या लेखातली तारीख वाचली आणि सहज दिनदर्शिका पाहिली. २३ जून १९५७ हाही रविवारच होता.

सायीवरची साखर

डरहॅमकर, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. मी इतकी वर्षं त्या दोन वाट्यांची गोष्ट सगळ्यांना सांगत आले. एक पाद्री, एक रविवार, एक काउंटर. स्कॉटना वाटी मिळाली, वर चेरी मिळाली, पदार्थाला नाव द्यायचा मान मिळाला. पासष्ट वर्षांनी दुसरे पाद्री तशाच रविवारी तेच मागायला गेले आणि कोठडीत गेले. हे दोन रविवार मी यापुढे वेगळे सांगू शकणार नाही. मूळ लेखात तुमचा प्रतिसाद तुमच्या नावासकट जोडू का?

उंच स्टूल

डरहॅमकर, तुमचं बरोबर आहे. माझं वाक्य अर्धवट होतं. त्या जागांबद्दल हळहळताना तिथे कोणाला बसू दिलं जात नव्हतं, ते आधी सांगायला हवं होतं. लिहिल्याबद्दल आभार.

औषधाची वडी

मलाही हे माहीत नव्हतं. ती जागा आता आहे का?

डरहॅमकर

ताई, जरूर जोडा. वडीताई, इमारत पाडली, पण रॉक्सबरो रस्ता आणि डाउड रस्ता मिळतात तिथे राज्याने पाटी लावली आहे. खरं सांगायचं तर त्या रस्त्याने मी आठवड्यातून चारदा जाते, पण थांबून वाचलेली नाही. या रविवारी लेकीला घेऊन जाते.

मिशिगनकाठी

नक्की जा आणि इथे लिहा. आम्ही वाट बघतो.

डरहॅमकर

जाऊन आलो. गाडी जरा लांब लावून चालत गेलो. कोपऱ्यावर रहदारी बरीच, पाटी खांबावर उंच आहे, त्यामुळे मान वर करून वाचावी लागते. मी लेकीला एकेक वाक्य मराठीत सांगितलं. ती नऊ वर्षांची आहे. सात जण, घुसखोरी, अटक हे सगळं तिने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि त्यांनी कुठलं आइस्क्रीम मागितलं होतं?"

पाटीवर ते लिहिलेलं नाही. मी म्हटलं, ते मला माहीत नाही, पण त्या दिवशी त्यांना ते मिळालं नाही.